बँका विलीन होतात, पैशाचा माग पुसला जातो

८ एप्रिल २०२४, सोमवार. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. खान्देशात पाडव्याला निदान गुंजभर तरी सोने घेण्याची रीत आहे आणि त्यासाठी माणसे आदल्या दिवशी बँकेतून पैसे काढून ठेवतात. धुळे जिल्ह्यातील शिरपूरच्या शिरपूर मर्चंट्स सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने नेमके त्याच सोमवारी, कामकाज संपताच, निर्बंध लादले. बचत असो, चालू असो वा मुदत ठेव असो, कोणत्याही खात्यातून एक रुपयाही काढता येणार नाही, असा तो आदेश होता. मुभा होती ती एवढीच, की ज्याच्यावर कर्ज आहे त्याने काही अटींवर आपल्या ठेवीतून ते वळते करून घ्यावे. कारण दिले गेले ते रोखतेच्या चणचणीचे. त्या आदेशात काळ्या पैशाचा उल्लेख नव्हता आणि येथेही त्या बँकेवर तसा आरोप करावयाचा नाही. परंतु अशा प्रसंगी बँकेच्या बंद दारासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या मनात जे दोन प्रश्न येतात, त्यांचा विचार मात्र अवश्य करावयाचा आहे.

पहिला प्रश्न असतो, ‘माझे पैसे केव्हा मिळतील?’ दुसरा प्रश्न अहिराणीत विचारला जातो आणि तो अधिक अवघड असतो : ‘पैसा कथा गया?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या कामी गेल्या काही वर्षांत आपल्या व्यवस्थेने खरोखरच प्रगती केली आहे, हे मान्य केले पाहिजे. ठेवविम्याची मर्यादा कित्येक वर्षे एक लाखावर अडून बसली होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने, निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम हाती पडावी, अशी तरतूद झाली. नागरी सहकारी बँकांवर सहकार निबंधक आणि रिझर्व्ह बँक असे दोन धनी होते आणि दोन धन्यांच्या घरचा बैल उपाशी मरतो तशी त्यांची गत होती. २०२० च्या बँकिंग नियमन कायद्यातील दुरुस्तीने ती कोंडी बऱ्याच अंशी फोडली. आजारी सहकारी बँकेची विलीनीकरण योजना आता रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५ खाली थेट आखू शकते. ठेवीदाराच्या दृष्टीने हे सारे स्वागतार्हच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे काय? पैसा कोठे गेला, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात वळला आणि अखेरीस कोणाच्या नावावरची जमीन, इमारत वा सोने बनून स्थिरावला, हा प्रश्न विलीनीकरणाच्या मंडपात कोणी विचारीत नाही. एक बँक दुसरीत विलीन होते. नवी पाटी लागते, दिवाळीच्या शुभेच्छा देणारी जाहिरात झळकते आणि जुन्या खातेवह्यांचे गठ्ठे गोदामात जातात. एखादा तपास चालू असलाच, तर तो सात-आठ वर्षे चालतो. तोवर जुने शाखाधिकारी निवृत्त झालेले असतात, जुनी संगणकप्रणाली बंद पडलेली असते आणि नव्या बँकेचा अधिकारी ‘हे आमच्या काळातले नव्हे’ असे सांगून मोकळा होतो. काळा पैसा पांढरा करण्यासाठी याहून सोयीचा घाट कोणता?

बँकिंग नियमन कायद्याचे कलम ४४ अ उघडून पाहावे. दोन बँकांच्या स्वेच्छा विलीनीकरणासाठी भागधारकांची मूल्यानुसार दोन-तृतीयांश संमती हवी, विरोध करणाऱ्या भागधारकाला त्याच्या समभागांचे मूल्य मिळाले पाहिजे आणि शेवटी रिझर्व्ह बँकेची मंजुरी हवी. भागधारकाचा इतका विचार करणाऱ्या त्या कलमात, विलीन होणाऱ्या बँकेतून कोणाचा पैसा धुतला गेला काय, हे तपासण्याचे बंधन नाही. कलम ४५ मध्येही नाही. दुसऱ्या बाजूने २००२ चा काळा पैसा शुद्धीकरण प्रतिबंधक कायदा, म्हणजे ज्याला सर्वजण पीएमएलए म्हणून ओळखतात, तो वाचावा. बँकांनी नोंदी ठेवाव्यात, दहा लाखांवरील रोखीचे व्यवहार दरमहा वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवावेत, संशयास्पद व्यवहारांची खबर द्यावी, हे सारे त्यात आणि त्याखालील नियमांत आहे. परंतु बँकच जेव्हा नाहीशी होऊन दुसरीच्या पोटात जाते, त्या प्रसंगासाठी त्यात वेगळी तरतूद नाही. रिझर्व्ह बँक आपल्या अधिकारात असे काही पाहत असेलही. परंतु अधिकाऱ्याच्या दक्षतेवर सोपविलेली गोष्ट आणि कायद्याने बंधनकारक केलेली गोष्ट यांत जे अंतर असते, ते खान्देशाने स्वतःच्या खिशातून मोजले आहे.

ते कसे, हे समजण्यासाठी जळगावला यावे लागते.

जळगाव हे पैशाची भाषा जाणणारे शहर आहे. केळी, कापूस, डाळ आणि सोने या चार गोष्टींच्या उलाढालीवर येथील बाजारपेठ उभी राहिली. रावेर-यावलच्या केळीचा पैसा, चोपडा-अमळनेरच्या कापसाचा पैसा, निवृत्त शिक्षकांची फंडाची रक्कम, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पुंजी, हे सारे अर्धा-एक टक्का जादा व्याजाच्या आशेने पतसंस्थांकडे वळले. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिच्या ठेवींना विम्याचे कवच नसते, तिची तपासणी रिझर्व्ह बँक करीत नाही, हे ठेवीदाराला कोणी सांगितले नाही. उलट पतसंस्थेच्या काउंटरची, पासबुकाची, पावतीची सारी धाटणी बँकेसारखीच ठेवली गेली. २००७ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जळगाव जिल्ह्यातील पतसंस्थांची पडझड सुरू झाली आणि ठेवीदारांचे मोर्चे, उपोषणे ही जिल्हाधिकारी कार्यालयासमोरची नेहमीची दृश्ये बनली. त्यातून शहाणपण यायला हवे होते. आले नाही. २०१५ मध्ये भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट सहकारी पतसंस्था, म्हणजे ‘बीएचआर’, कोसळली.

या संस्थेचे मुख्यालय जळगावात होते. पण शाखा अनेक राज्यांत आणि नोंदणी बहुराज्य कायद्याखाली असल्यामुळे तिचा निबंधक दिल्लीत. २०१५ मध्ये संस्थापकांना अटक झाली आणि त्याच वर्षी केंद्रीय निबंधकांनी अवसायक नेमला. अवसायक म्हणजे बुडालेल्या घरातील भांडी मोजून वारसांना वाटणारा कारभारी. २०२० च्या नोव्हेंबरात पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले आणि तेव्हा जो आरोप पुढे आला, तो असा, की या वाटपातच दुसरा घोटाळा घडला.

आरोपातील कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. एखाद्या ठेवीदाराकडे एक लाख रुपयांची ठेवपावती आहे. पाच वर्षे हेलपाटे घालून तो थकला आहे. त्याच्याकडे एक दलाल जातो आणि म्हणतो, ‘संस्था बुडाली, पावती रद्दी झाली. तीस-चाळीस हजार देतो, पावतीवर सही कर.’ तो सही करतो. ती पावती एखाद्या मोठ्या कर्जदाराकडे जाते आणि कर्जदार ती अवसायकाच्या टेबलावर ठेवून सांगतो, ‘ही एक लाखाची ठेव माझ्या कर्जात वळती करा.’ तेथे मात्र ती पूर्ण एक लाखाची धरली जाते. कर्ज फिटते, गहाण मालमत्ता सुटते, सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. जळगावच्या बोलीत याला ‘मॅचिंग’ असे गोंडस नाव मिळाले.

हा निव्वळ अफरातफरीचा प्रकार नव्हे. दलालाने दिलेले तीस-चाळीस हजार रोखीने दिले गेले, तर त्यांचा उगम कोणी विचारीत नाही. ते काळे असले तरी चालतात. व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला कर्जदाराच्या हाती येते ती बोजामुक्त मालमत्ता, सरकारी शिक्क्याच्या निरंक दाखल्यासह. काळे तीस हजार आत गेले आणि पांढरे एक लाख बाहेर आले. मधले साठ-सत्तर हजार ठेवीदाराच्या घरातून गेले. मनी लाँडरिंग हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे स्वित्झर्लंड येते, केमन बेटे येतात. त्यासाठी इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. एक बुडीत संस्था, एक थकलेला ठेवीदार आणि हिशेब मिटवण्याची घाई, एवढे भांडवल पुरते.

हा खटला न्यायप्रविष्ट आहे आणि आरोपींपैकी कोण दोषी, हे न्यायालय ठरवील. इतकेच नव्हे, तर ज्या तपासातून हे सारे बाहेर आले, त्या तपासातील गुन्हा नोंदणीच्या पद्धतीबद्दल तपास अधिकाऱ्याविरुद्धच २०२४ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि ते प्रकरण सीबीआयकडे गेले. म्हणजे आता घोटाळा कोणता, तपास कोणता आणि तपासातील घोटाळा कोणता, याचाच तपास करावयाचा! जळगावच्या ठेवीदाराने या त्रांगड्यातून काय समजावे? परंतु या साऱ्या गोंधळाचे मूळ एका गोष्टीत आहे. संस्था मिटवताना ठेव आणि कर्ज यांची वजावट कोणी, कोणत्या पैशाने, कोणाच्या पावत्यांवर करावी, यावर कायद्याची बंधनकारक नजर नव्हती. शिरपूरच्या आदेशातील वजावटीची सवलत न्याय्यच आहे. स्वतःच्या ठेवीतून स्वतःचे कर्ज फेडण्यात गैर ते काय? पण तीच सवलत पाळतीवाचून मिळाली की तिचे काय होऊ शकते, याचा धडा शिरपूरहून अवघ्या काही तासांच्या अंतरावर जळगावात गिरवला गेला आहे.

धुळ्याच्या दुसऱ्या अंगाला, आग्रा महामार्गावर, मालेगाव आहे. तेथे नोव्हेंबर २०२४ मध्ये एका सहकारी बँकेच्या शाखेतील मोजक्या खात्यांतून शंभर कोटींहून अधिक रुपये फिरल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि ईडीला छापे घालावे लागले. खाती होती सामान्य तरुणांच्या नावावर, नोकरी वा धंद्याच्या आमिषाने कागदपत्रे घेऊन उघडलेली. निवडणुकीच्या धामधुमीत या प्रकरणावर पुष्कळ राजकीय धुरळा उडाला. तो बाजूला ठेवला तरी मूळ प्रश्न उरतोच. ज्या तरुणाच्या खात्यात कालपर्यंत पाच हजार नव्हते, त्यात कोट्यवधी येतात आणि जातात. तरीही पोलीस दारात येईपर्यंत धोक्याची घंटा वाजत नाही. आता अशी समजूत करून पाहावी, की अशीच काही खाती असलेली एखादी छोटी बँक मोठ्या बँकेत विलीन झाली. ती खाती नव्या क्रमांकांनिशी नव्या बँकेत जातील, जुना इतिहास जुन्या प्रणालीत राहील आणि मोठ्या बँकेच्या प्रतिष्ठेची शाल त्या खात्यांवर पडेल. देशविघातक शक्तींना पैसा पुरवणारे हवालाचे जाळे अशाच फटींतून वाट काढते. या देशाने १९९३ च्या मुंबईत त्याची किंमत रक्ताने मोजली आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेने २००७ मध्ये फिनलंडची साम्पो बँक घेतली. साम्पोबरोबर तिची एस्टोनियातील चिमुकली शाखाही आली आणि त्या शाखेबरोबर आली परदेशी, मुख्यतः रशिया आणि जुन्या सोव्हिएत देशांतील खातेदारांची फौज. त्या शाखेची संगणकप्रणाली मुख्य बँकेशी जोडण्याचे काम खर्चिक म्हणून सोडून देण्यात आले. २०१८ मध्ये बँकेनेच नेमलेल्या चौकशीत निघाले, की २००७ ते २०१५ या काळात त्या परदेशी खात्यांतून सुमारे २०० अब्ज युरो वाहून गेले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद होता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल करून बँकेने सुमारे दोन अब्ज डॉलर मोजले. विलीनीकरणाच्या दिवशी एका शाखेच्या खातेवह्या नीट वाचल्या असत्या तर?

अमेरिकेने हा प्रश्न कायद्यात बसवला आहे. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांत, २६ ऑक्टोबर २००१ रोजी, तेथे जो पेट्रियट कायदा झाला, त्याच्या कलम ३२७ ने बँक नियामकांवर बंधन घातले : विलीनीकरणाचा कोणताही अर्ज आला, की संबंधित बँकांनी काळ्या पैशाच्या शुद्धीकरणास आळा घालण्यात कशी कामगिरी केली आहे, हे विचारात घेतलेच पाहिजे. कलम लहानसे आहे; पण त्याला दात आहेत. एम अँड टी बँकेने ऑगस्ट २०१२ मध्ये हडसन सिटी बँक घेण्याचे जाहीर केले आणि याच मुद्द्यावर तिचा अर्ज तीन वर्षांहून अधिक काळ अडला. आपली यंत्रणा सुधारल्यावर सप्टेंबर २०१५ मध्ये तिला मंजुरी मिळाली. भांडवलशाहीचे माहेरघर म्हणवणारा देश दोन खासगी बँकांचे लग्न तीन वर्षे थांबवतो, आणि आपल्याकडे ‘सहकाराच्या स्वायत्ततेवर घाला’ अशी हाकाटी पिटणाऱ्यांना पतसंस्थेच्या विलीनीकरणाआधी दोन खाती तपासणेही जाचक वाटते!

आता आपल्या सत्तर हात दूर असलेल्या अमेरिकेचे अनुकरण कशाला, असे स्वदेशीचा अभिमानी विचारील. त्याला कौटिल्याचे स्मरण द्यावे. राजकोशातील अपहाराचे चाळीस प्रकार त्याने मोजून सांगितले आहेत. हिशेबनिसाच्या लबाडीचा इतका बारीक विचार ज्या परंपरेने केला, तिच्या वारसांनी बँकेची दप्तरे न तपासता गोदामात टाकावीत, हेच खरे परकीयपण.

या मागणीला तीन दिशांनी विरोध होईल. पहिला विरोध नेहमीच्या मंडळींचा. पीएमएलए हा जुलमी कायदा आहे, ईडी हे सूडाचे हत्यार आहे, हे त्यांचे पालुपद. हा कायदा अटलबिहारी वाजपेयींच्या काळात संसदेत संमत झाला. पण १ जुलै २००५ रोजी तो अंमलात आणला मनमोहन सिंग सरकारने आणि २०१२ ची कठोर दुरुस्तीही त्याच सरकारची, हे ही मंडळी सोयीस्कर विसरतात. २७ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातील महत्त्वाच्या तरतुदी वैध ठरवल्या. आणि एक गोष्ट या मंडळींच्या ध्यानात यायला हवी : विलीनीकरणापूर्वीची तपासणी ही अटकेची नव्हे, हिशेबाची गोष्ट आहे. ती आधी झाली, तर नंतरचे छापे आणि अटका कमी होतील.

दुसरा विरोध अधिक प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. तपासणीत वेळ जाईल, तोवर ठेवीदार मरेल, असे बँकिंग क्षेत्रातील जाणकार म्हणतील. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे उदाहरण पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर निर्बंध आले. एका बांधकाम समूहाची कर्जे दडवण्यासाठी २१ हजारांहून अधिक बनावट खाती रचल्याची फिर्याद नोंदली गेली. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मधे गेले सव्वादोन वर्षांहून अधिक. तपासणीच्या बंधनाशिवायही ठेवीदार इतका काळ ताटकळलाच ना? लक्ष्मी विलास बँकेचे विलीनीकरण मात्र नोव्हेंबर २०२० मध्ये दहा दिवसांत उरकले. इतक्या तातडीच्या प्रसंगी सामान्य ठेवीदाराचे पैसे लगेच मोकळे करावेत, त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. पाच लाखांच्या आतील ठेवींना या चाळणीतून जावे लागण्याचे कारण नाही. चाळणी लावायची ती संचालक व त्यांच्या नातलगांच्या खात्यांना, बड्या कर्जदारांना, निर्बंध लागण्याच्या आधीच्या वर्षभरात मोडलेल्या मोठ्या ठेवींना, हस्तांतरित झालेल्या ठेवपावत्यांना. ही खाती प्रत्येक बँकेत बोटांवर मोजण्याइतकी नसली, तरी एका कपाटात मावण्याइतकीच असतात. विलीनीकरण होऊ द्यावे. ही खाती तेवढी वेगळ्या खणात ठेवून त्यांच्यावर वित्तीय गुप्तवार्ता विभागाचा अभिप्राय येईपर्यंत व्यवहार थांबवावेत.

तिसरा विरोध घरातूनच होईल आणि तो दबक्या आवाजात होईल. सहकारी बँका, पतसंस्था आज सर्व पक्षांच्या कार्यकर्त्यांच्या हाती आहेत. सहकारसम्राट हा शब्द दीर्घकाळ एका पक्षाच्या नावे राखून ठेवलेला होता. आता तसे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. लक्ष्मणराव इनामदारांनी सहकार भारतीची उभारणी करताना संस्काराशिवाय सहकार नाही, ही भूमिका धरली होती. त्या भूमिकेचा वारसा सांगणाऱ्यांनी आपल्या संस्थांची दप्तरे सर्वांत आधी उघडी करावीत. दुसऱ्याच्या अंगणात झाडू मारण्याचा अधिकार त्यानंतरच येतो.

हे तातडीने म्हणण्याचे कारण २०२३ मध्ये झालेली बहुराज्य सहकारी संस्था कायद्यातील दुरुस्ती. ती पुष्कळ अंगांनी चांगली आहे. निवडणुकांसाठी स्वतंत्र प्राधिकरण, तक्रारींसाठी लोकपाल, आजारी संस्थांसाठी पुनर्वसन निधी, या तरतुदी हव्याच होत्या. परंतु तिच्यात कलम १७ बदलून, राज्याच्या कायद्याखालील कोणतीही सहकारी संस्था उपस्थित सभासदांच्या दोन-तृतीयांश मतांनी बहुराज्य संस्थेत विलीन होऊ शकेल, असा मार्ग खुला झाला आहे. याचा व्यावहारिक अर्थ काय? चोपड्याची किंवा साक्रीची एखादी पतसंस्था, जिच्या वार्षिक सभेला संचालकांचे गोतावळे वगळता पन्नास माणसे येतात, ती एका दुपारी ठराव करून परराज्यातील बहुराज्य संस्थेत विलीन होऊ शकते. दप्तर परराज्यात, निबंधक दिल्लीत आणि ठेवीदार तापीकाठी. त्याने ‘पैसा कथा गया’ हे कोणत्या भाषेत आणि कोणाला विचारायचे? बीएचआरच्या वेळी दिल्ली किती दूर असते, याचा अनुभव जळगावने घेतला आहे.

म्हणून दुरुस्ती एका नव्हे, तीन ठिकाणी हवी. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४४ अ आणि ४५ मध्ये, पेट्रियट कायद्याच्या धर्तीवर, काळ्या पैशाविषयीच्या कामगिरीची तपासणी मंजुरीची अट म्हणून घालावी. बहुराज्य सहकार कायद्याच्या कलम १७ मध्ये तीच अट पतसंस्थांसाठी घालावी. आणि पीएमएलएमध्ये असे स्पष्ट लिहावे, की विलीन होणाऱ्या संस्थेच्या नोंदी घेणाऱ्या संस्थेने सूचीसह ताब्यात घ्याव्यात, वाचता येतील अशा स्वरूपात जपाव्यात आणि मागतील तेव्हा द्याव्यात. जुन्या संचालकांची जबाबदारी विलीनीकरणाने संपणार नाही. अवसायनातील संस्थेत तर परक्याच्या नावची ठेवपावती कर्जात वळती करण्यास संपूर्ण मनाई असावी. पावती विकत घेतली असेल, तर जेवढ्याला घेतली तेवढीच तिची किंमत धरावी आणि तो पैसा बँकेच्या खात्यातून आलेला असावा. एवढा एक नियम २०१५ मध्ये असता, तर ‘मॅचिंग’ हा शब्द जळगावात साड्या-ब्लाउजच्या दुकानापलीकडे गेला नसता.

जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार हे खान्देशचे चार लोकसभा मतदारसंघ. तेथून निवडून गेलेल्यांपैकी जे मंत्री नाहीत, त्यांना खासगी विधेयक मांडण्याचा अधिकार आहे आणि त्यासाठी पक्षाच्या भिंती आड येत नाहीत. लोकसभेत अशा विधेयकांसाठी शुक्रवारची दुपार राखून ठेवलेली असते.